स्टेपनीचे पाच हजार

बरकतपुऱ्यातल्या वकिलांची जुनी अँबॅसेडर विकायला निघाल्याचं मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. दिलसुखनगरला माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, अशा बातम्या तिथे येतच असतात. पण ही गाडी माझ्या वडिलांनी अकरा वर्षं चालवली होती. एक दिवस डिकीतली स्टेपनी गायब झाली आणि वकिलांनी त्यांना चोर ठरवून हाकललं. स्टेपनी खरं तर वकिलांच्या मुलाने मित्राला दिली होती. मुलाच्या सांगण्यावरून बाबांनीच ती उचलून मित्राच्या गाडीत ठेवली होती. विचारणा झाली तेव्हा मुलगा गप्प बसला. त्यानंतर त्या भागात बाबांच्या हाती कुणी गाडी दिली नाही. त्यांनी वॉचमनची खुर्ची धरली आणि मी शाळा सोडून गॅरेज.

मी निघालो तेव्हा बाबा म्हणाले, "गाडी घे, नको घेऊ, तुझी मर्जी. पण कोणाचा मुलगा आहेस ते सांग. आणि स्टेपनीचं विचार."

"विचारतो. आधी भाव ठरू दे."

वस्तूत आपला जीव अडकलाय हे समोरच्याला कळलं की भाव चढतो. तीस वर्षं मी याच हिशेबाने धंदा केला आहे.

वकील आता नाहीत. घर बिल्डरला गेलेलं, सामान बांधलेलं. वकिलांच्या बाईंनी मला ओळखायचं काही कारण नव्हतं. मुलगा परदेशात, तो मोबाइलच्या स्पीकरवर बोलत होता. त्याने एक लाख वीस हजार सांगितले.

मी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून पत्र्यावरून फिरवलं. चिकटलं नाही तिथे पत्रा नव्हता, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला. डावा मडगार्ड अर्धा तसाच. पायाखालचं मॅट उचललं तर गंजलेल्या भोकांतून खालची माती दिसली. इंजिन जाम. माझा मेकॅनिक गाडीखालून ओरडला, "सेठ, इसमें कबूतरां रहते! गाडी के साथ किराएदार भी आरे!"

"हसण्यासारखं काही नाही," बाई म्हणाल्या. "यांचा फार जीव होता हो या गाडीवर."

"जीव होता तर अशी कुजवली कशाला?" माझा आवाज चढला होता.

ड्रायव्हरच्या सीटचं कापड उजव्या कडेला, चढता-उतरता घासून, पार विरलं होतं. तिकडे मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

प्रत्येक दोषावर मुलगा हुज्जत घालत होता. पत्र्याचे दहा म्हटलं की तो चार म्हणायचा. इंजिनसाठी तर आम्ही पाऊण तास भांडलो. मी दोनदा गेटपर्यंत जाऊन परत आलो. शेवटी पंचाहत्तरवर तो अडला. मी डिकी उघडली. दोषांच्या यादीत उरलेलं तोंडातून निघालं, "स्टेपनीपण नाही."

"ती ड्रायव्हरने विकली हो," बाई म्हणाल्या. "लई वर्षं झाली. गरीब दिसायचा, पण हात लांब."

एरवी यापेक्षा कमी शब्दांवर मी लोकांच्या गचांड्या धरल्या आहेत. तेवढ्यात फोनमधून घाईघाईने आवाज आला, "जाऊ दे आई. त्याचे तीन हजार कमी करा. विषय संपवा."

इतका वेळ शंभर-शंभरसाठी झगडणारा माणूस न मागता तीन हजार सोडतो, याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला सगळं आठवत होतं. हाच क्षण होता. मी तोंड उघडलं.

"पाच," मी म्हणालो.

"ठीक. पाच."

सत्तर हजार. मी बयाणा दिला. आधी भाव, मग बोलणं, असं ठरवून आलो होतो. पण जी चोरी बाबांनी केलीच नव्हती, तिच्यापायी मी आत्ताच पाच हजार कापून घेतले होते. आता कोणत्या तोंडाने नाव सांगणार? बाईंनी चहा विचारला. मी नको म्हटलं.

दोन दिवसांनी क्रेनने गाडी अंबरपेठला घरासमोर आणली. बाबा काठी टेकत खाली आले. मला वाटलं, स्टिअरिंगवर बसतील. ते वळसा घालून मागे गेले.

"उघड."

मी डिकी उघडली. त्यांनी वाकून रिकाम्या जागेवर हात फिरवला.

"विचारलंस?"

"वकील गेले, बाबा. बाईंना काही नीट आठवत नाही."

"आणि पोरगा?"

"भेटला नाही."

हे खोटं नव्हतं. बाबांनी खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले.

"दुकानातून एक आणून ठेव," ते म्हणाले. "कुणी उघडून बघितलं तर पुन्हा माझंच नाव निघेल."

दुकानात त्या मापाच्या चार पडून आहेत. अजून माझ्याने एकही उचलवलेली नाही.