बेतवेतला समुद्र

आमच्या लॅबमध्ये स्लाइड्सपेक्षा किस्से जास्त साठलेत. कारण एकच, आमचे सर कुणावर म्हणून विश्वास ठेवत नाहीत. मी झाशीच्याच खंडेराव गेट भागातली, इथली जुनी लॅब असिस्टंट. पण सर साताऱ्याहून आले त्या दिवसापासून माझ्या कपाटालाही दुसरं कुलूप लागलंय.

काम साधं. बेतवा नदीतल्या आणि तिच्यावरच्या धरणातल्या दगडांवरची बुळबुळ टूथब्रशने घासून बाटलीत भरायची. तिच्यात डायटम असतात, काचेच्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ. कुठल्या जाती सापडल्या त्यावरून पाणी कसं आहे ते कळतं. इकडचे डायटम तिकडे जाऊ नयेत म्हणून दर जागेला नवा ब्रश!

*

सीपरी बाजारात मी एकदम चोवीस ब्रश मागितले. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "घर में कितने लोग हैं, दीदी?"

"चार. ब्रश पत्थरों के लिए हैं."

 पुढच्या वेळी तो ब्रश काउंटरवर ठेवून दोन पावलं मागे सरकला.

*

सरांना प्रत्येक नमुन्याचा फोटो लागतो, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून! आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या पूनमचा असाच एक फोटो, ती एरच गावाजवळ नदीत गुडघाभर पाण्यात उभी असलेला, चुकून घरच्या ग्रुपवर गेला. आईचा लगेच फोन, "बिटिया, किसने पकड़ रखा है?"

*

आणि मग पूनमच्या स्लाइड्समध्ये समुद्रातले डायटम निघाले. झाशीत!

"ये सैंपल कहाँ से उठाए?" सरांनी विचारलं. नमुने दुसरीकडून चोरलेले ठरले असते तर तिची तीन वर्षं पाण्यात. पूनम पांढरीफटक पडली. खरं सांगते, क्षणभर मलाही शंका आली, आणि त्याची अजून लाज वाटते.

शेवटी सर स्वतः नदीत उतरले. स्वतः घासलं, स्वतः बाटल्या भरल्या. पुन्हा तेच डायटम!

"ब्रश तो नए थे," पूनम हळूच म्हणाली. "बोतलें कौन धोता है, सर?"

बाटल्या सरच धुतात, घरी नेऊन. आमच्या धुण्यावर त्यांचा भरवसा नाही. सरांनी घरी फोन केला, तर वहिनींनी, त्यांच्या बायकोने, बाटल्या धुवायला वापरतात ती चांदीची भांडी घासायची पावडर पाठवून दिली. अशी पावडर म्हणजे कुठल्या तरी जुन्या समुद्रतळाची माती. चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तेच डायटम, खच्चून भरलेले.

 दुसऱ्या दिवशी सरांनी बाटल्यांची पिशवी पूनमसमोर ठेवली. "आज से तुम धोना."

पूनमने पिशवी उचलली. "जी सर. अखबार लेकर फोटो भेजूँ?"