हेडफोनात नसलेला आवाज

उद्या सोसायटीच्या कार्यक्रमात बायको पहिल्यांदाच गाणार आणि साथीला कीबोर्डवर मी. "तुमच्या ढोलकीखाली माझा आवाज चिरडला, तर मी मधूनच उठून जाईन," असं तिने बजावलं होतं. म्हणून हेडफोन चढवून मी कीबोर्डात भरलेल्या साथीच्या आठ ट्रॅकचे आवाज जुळवायला बसलो. ढोलकी कमी केली तर बेस असा गुरगुरला की माझ्या दोन दाढा हलल्या. बेस दाबला तर गिटार शेफारली. तिला गप्प केलं तर व्हायोलिनं वरमाईच्या थाटात पुढे सरसावली. एकाला आवरावं तर दुसरा चढतो. माणसांचंही असंच असतं का? मग नेमकं आवरायचं कुणाला?

मान वर केली, तर बायको समोर उभी राहून तोंडाची उघडझाप करत होती. मी हेडफोन काढला.

"काय म्हणतेस?"

"गातेय! सहाव्यांदा!" गाऊन गाऊन तिचा आवाज पार बसला होता.

मी ओशाळून आठही ट्रॅक शून्यावर आणले. "हं, आता गा."

तिने सूर लावला. घशातून नुसती हवा आली.

कमी कसं करायचं ते आलं मला. हा एक आवाज उद्यापर्यंत वाढवायचा कुठून, तेवढं कळत नाहीये.