रिबका की केशर

कुरुंद्याच्या शालूबाईंना मरणाची भीती कधी वाटली नाही. भीती होती ती नवरा आपल्याआधी मरेल याची, आणि तीसुद्धा फार काही पातिव्रत्यापोटी नव्हती.

गोष्ट शेहेचाळीस वर्षांपूर्वीची. त्यांची पहिली लेक जन्मली आणि नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं. नवरा मसाजी म्हणत होते, बायबलातलं नाव ठेवू, रिबका. शालूबाईंना आपल्या आईचं नाव हवं होतं, केशर. "रिबका म्हणस्तोवर तव्यावरची भाकर करपल," असं त्या बोलून गेल्या, मसाजी फुगून बसले आणि रुसवा निघायच्या आत लेकरू बिननावाचंच मातीत गेलं.

"रडू नका, वर पुन्हा भेट होणार आहे," चर्चचे पाळकसाहेब तेव्हा म्हणाले. शालूबाईंनी तो शब्द घट्ट धरला. हळदीचं रान खुरपताना त्या ती भेट मनात रंगवायच्या आणि दर वेळी एकाच जागी अडायच्या. वर एवढी माणसं. त्यात आपल्या लेकराला हाक मारायची ती काय म्हणून?

शेवटी मसाजींनीच तोडगा काढला. "जे आधी जाईल, त्यानं नाव ठेवायचं. बराबर?"

"बराबर," शालूबाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून घरात साधी शिंकही संशयाची झाली. मसाजींना कणकण आली की शालूबाई काढा घेऊन उभ्या. शालूबाईंचं डोकं दुखलं की मसाजी गोळीसाठी सायकलवर. गावाला वाटायचं, काय माया आहे! माया होतीच, पण पहारा जास्त होता. पुढं साधना झाली. तिचं नाव मामानं परस्पर ठेवून टाकलं, म्हणून ते भांडण वाचलं.

यंदा ईस्टरच्या आधी मसाजींच्या छातीत कळ आली. साधनानं त्यांना नांदेडच्या दवाखान्यात नेलं. शालूबाईंनी नळ्या लावलेला नवरा बघितला. हा माणूस खरंच पुढं निघाला होता. आणि वर ते लेकरू इतकी वर्षं कुणाच्या हाकेविना होतं. त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"आवं, जायचंच आसंल तर ऐका. रिबकाच म्हणा. माझ्या हट्टापायी लेकराला आनखी थांबवू नका. मी आले की मी बी रिबकाच म्हणंन."

मसाजींनी डोळे उघडले नाहीत. मान तेवढी हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, कळायला मार्ग नव्हता.

पण गडी चिवट. बाराव्या दिवशी घरी आले, बाजेवर बसले आणि बिनमिठाच्या वरणाकडं बघत म्हणाले, "तू बोलली ते ऐकलं म्या. पण मी केशरच म्हणनार. नऊ महिने तू वागवलं, नाव तुझंच."

"आता काहून? रिबका म्हणलं की रिबका!"

"केशर!"

"रिबका!"

साधना चुलीपुढून धावत आली. "आई, त्यांना चिडू द्यायचं न्हाई, डॉक्टर काय बोलले?"

शालूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि वरणाची वाटी नवऱ्यापुढं सरकवली. "आधी नाव ठरू द्या. तवर कुनीच जायचं न्हाई."

मसाजींनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मंग ठरवायची घाई करू नको, शालू."