उसना गडी

मैदानाकडेला बसून मी हौशी क्लबांच्या रग्बी लीगचा सामना पाहत होतो. गट सर्वांत खालचा. पाहुण्यांच्या संघात इतके कमी लोक आले होते की सामना सुरू व्हायलाच एक गडी कमी पडत होता. यजमानांना न खेळता विजय मिळाला असता आणि ते वरच्या गटात गेले असते. पण त्यांचा कप्तान म्हणाला, “सुन्या, तू खेळ त्यांच्याकडून.”

“मीच का?”

“तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही, बाबा.”

सगळे हसले. सुनील जर्सी बदलून पलीकडे गेला.

मी परक्या घरी जेवून शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. ज्यांचं जेवतोस त्यांच्या कामात अंग राखू नकोस, असं आई सांगायची. उसन्या माणसाला हे किती जमतं, ते मी पाहत राहिलो.

शेवटच्या क्षणी कप्तान चेंडू घेऊन रेषेकडे धावला. पोहोचला असता तर सामना त्यांचा होता. सुनीलने मागून त्याचे पाय कवटाळून त्याला पाडलं. शिट्टी झाली.

“घट्ट धरलंस रे,” कप्तान पडल्यापडल्याच म्हणाला. पुढचं वर्षही याच गटात काढायचं होतं. तरी उठण्यासाठी त्याने हात पुढे केला तो सुनीलकडेच.