न उघडलेला निरोप

जुना कॉम्प्युटर साफ करायला उघडला, की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मी दौंड स्टेशनसमोरच्या सायबर कॅफेत जाऊन पोचतो.

माझा कॉलेजातला मित्र इरफान घरच्यांबरोबर सोलापूरला राहायला गेला होता. त्याच्याकडे फोन नव्हता. आम्ही जो गेम खेळायचो, त्या कंपनीच्या साइटवरच आमचे निरोप चालायचे. त्या रविवारी दुपारी मी माझ्या राहू गावाहून एसटीनं कॅफेत आलो, तर त्याचा नवा निरोप आलेला दिसला.

क्लिक केलं. पान पांढरंच राहिलं. मग वरून हळूहळू गेममधल्या एका भल्यामोठ्या राक्षसाचं चित्र उतरू लागलं. त्याच्याखाली जाहिराती, आणि निरोप पार तळाला. तिथवर पोचायच्या आतच साइटनं मला बाहेर काढलं. पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा तोच राक्षस. शेवटी रडू यायला लागलं.

"आप्पा, कायतरी करा की!" मी कॅफेवाल्यांना म्हणालो.

"आरं, बाकी समदं उघडतंय. तुझ्या गेमवाल्यांचीच साइट आडलीय, त्याला मी काय करू?"

निरोप न वाचताच मी घरी परतलो. पुढच्या रविवारी तो उघडला.

"दुबईला काम लागलंय. रविवारी मुंबईला निघालोय. गाडी दुपारी दौंडला थांबती. स्टेशनवर ये, भेटून जाऊ."

त्यानंतर इरफानचा निरोप कधीच आला नाही. आदल्या रविवारी त्या दुपारी कॅफेबाहेर गाडीची शिट्टी वाजली होती, ती मी ऐकलीही होती. मान वर न करता मी पुन्हा पासवर्ड टाकत होतो.