नव्या मॉडेलची वाट

माझ्या जुन्या फोनने मुलीचा घात केला असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. ते खोटं आहे. फोनने काही केलं नाही, जे केलं ते मी.

दिंद्रुडला आमचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक सकाळी आणि संध्याकाळी, दुपार रिकामी. त्या रिकाम्या दुपारी मला नाद लागला, फोनची माहिती देणारे व्हिडिओ बघण्याचा. कोणत्या कंपनीचा कोणता फोन कधी येणार, कॅमेरा कसा, बॅटरी किती, सगळं मला तोंडपाठ. माझा स्वतःचा फोन मात्र पाच वर्षांचा. काच कोपऱ्यात तडकलेली, आणि बॅटरी तीस टक्के दाखवता दाखवता अचानक बंद.

"पप्पा, बदला ना आता," मुलगी म्हणायची. ती बारावी झाली होती, फार्मसीच्या प्रवेशाची खटपट चालू होती. फॉर्मवर नंबर माझा, ईमेलही माझ्याच फोनवर उघडायचा. घरात दुसरा स्मार्टफोन नव्हता. बायकोकडे बटनाचा, मुलीला कॉलेजला गेल्यावर घेऊ असं ठरलेलं.

दोनदा मी मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. पहिल्या खेपेला तोच म्हणाला, "आप्पा, आत्ता नका घेऊ. दोन महिन्यांत ह्याचाच नवा यायलाय." मला पटलं. दोन महिन्यांनी नवा आला, तेव्हा व्हिडिओवाला सांगत होता की खरा बदल पुढच्या मॉडेलमध्ये आहे. दुकानदार डबा उघडून दाखवत होता तरी मी हात मागे घेतला. पैसे नव्हते असं नाही. आज घ्यावा आणि महिन्याभराने त्याहून चांगला निघावा, ह्या विचारानेच मला फसवल्यासारखं वाटायचं.

"कावून थांबायलाव?" बायको म्हणाली. "घ्यायचा तर घ्या, न्हाईतर ते बघणं तरी बंद करा."

"तुला त्यातलं कळत न्हाई," मी म्हणालो.

मग मुलीचा नंबर लागला. सरकारी कॉलेज, पहिल्याच पसंतीचं. जागा स्वीकारायची शेवटची तारीख आली त्या दिवशी मला माल आणायला बीडला जायचं होतं. तिची काही कागदपत्रं आदल्या संध्याकाळीच हातात आली होती, म्हणून काम त्या दिवसावर गेलं. सकाळी निघताना ती दारात आली. "मी दुपारी ऑनलाइनच्या दुकानात जाणार आहे. तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तो मला आईच्या फोनवर सांगा, तो मी सोबत नेतेय. पाच वाजेपर्यंतच मुदत आहे. फोन चालू ठेवा."

"ठेवतो की," मी म्हणालो.

बीडला ठोक व्यापाऱ्याकडे गर्दी होती. माल काढायला दीड तास लागेल म्हणाले. मी बाकड्यावर बसलो आणि व्हिडिओ लावला. येणारा फोन आणि आत्ताचा फोन, दोन्ही शेजारी ठेवून केलेली तुलना. चांगला पाऊण तासाचा. शेवटाकडे आला होता, तेवढ्यात पडदा काळा झाला.

घड्याळात साडेतीन वाजले होते. मुलीची आठवण मला लगेच झाली, हे लिहायलाच हवं. विसरलो असतो तर निदान विसरलो एवढंच म्हणता आलं असतं. मी दुकानातल्या माणसांकडे चार्जर मागितला. सगळ्यांकडे नव्या फोनची जाड पिन, माझ्या फोनला जुनी बारीक लागायची. बाहेर पडलो. औषधाचं दुकान, झेरॉक्स, रसवंती, दिसेल तिथे विचारत गेलो. एक जण हसून म्हणाला, "काका, ही पिन आता कुठं ऱ्हायलीय?" शेवटी बसस्टँडजवळ एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे सापडली. त्याने फोन लावून दिला. बराच वेळ नुसतं बॅटरीचं चित्र दिसत राहिलं. फोन उघडला तेव्हा सव्वापाच झाले होते. ओटीपीचे अकरा मेसेज एकाखाली एक पडले.

बायकोच्या फोनवर मुलीला फोन लावला. तिने उचलला. मागे ऑनलाइनवाल्याचा आवाज ऐकू आला, "आता घेत न्हाई ते, बंद झालं."

"उद्या काहीतरी करू," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

घरी पोचलो तर तिचं जेवण झालेलं होतं आणि ती आईला भाजी निवडू लागत होती. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी चार्जरची, पिनेची, घड्याळजीची सगळी हकीकत सांगितली. बायकोने मान वर न करता ऐकली. मग म्हणाली, "जगातले समदे फोन पाठ हायत तुमाला. आपलं सिम काढून दुसऱ्याच्या फोनात टाकायचं सुचलं न्हाई?"

नाही सुचलं. तासभर मी पिन शोधत बीडभर हिंडलो, आणि ज्याच्या त्याच्या हातात फोन होता.

पुढच्या फेरीत ती जागा गेली. जे खाजगी कॉलेज मिळत होतं ते तिने स्वतःच नको म्हटलं. अंबाजोगाईला बीएस्सीला नाव घातलं. तिथे वर्गात ती पहिली येते असं कोणी सांगितलं की बायको माझ्याकडे बघत नाही, आणि ते न बघणं मला बघण्यापेक्षा जास्त लागतं.

बीडहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी फोन घेतला होता. जो होता तोच, दुकानात समोर दिसला तो. दुकानदार म्हणाला, "आप्पा, पंधरा दिवस थांबला असता तर..." मी त्याला बोलू दिलं नाही. एक मुलीलाही घेतला. माझ्या जुन्या फोनमधले नंबर, फोटो, सगळं तिनेच शांतपणे नव्यात घालून दिलं. कोणतं बटन कशाला हेही दोनदा समजावलं. मधेच तिने माझा ईमेल उघडला, त्या सरकारी कॉलेजच्या जागेची पत्रं एकेक करून काढून टाकली, आणि फोन माझ्या हातात दिला.

"झालं पप्पा," ती म्हणाली. "आता अडचण येणार न्हाई."

अडचण खरंच येत नाही. फोन दिवसभर चालतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी तो गल्ल्यात ठेवतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. मुलीच्या फॉर्मवर आता तिचाच नंबर असतो. परीक्षा कधी, निकाल कधी, मला तिच्या आईकडून कळतं, तेही झाल्यावर.