आत्याने घासाघीस केली नाही तो दिवस

आईवडिलांच्या मागे मला वाढवलं ते आत्याने, पडदे शिवून. सांगितलेला भाव तिने आयुष्यात कधी दिला नव्हता. भाजीवाला, नळ दुरुस्त करणारा, सगळ्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते. एकदा दात काढल्यावर तोंडात कापूस असताना बोटांनी खुणा करून तिने डॉक्टरांकडून शंभर कमी करून घेतले. मी लाजेने भिंतीकडे तोंड करून उभी होते.

तिचा सगळ्यात मोठा पराक्रम मात्र एका फायनान्स कंपनीशी झालेला. कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनसाठी तिने कर्ज घेतलं होतं. मध्येच मनगट मोडलं, चार महिने शिवण बंद, हप्ते थकले. वसुलीवाला दारात आला, तर हिने प्लास्टरमधला हात त्याच्यापुढे नाचवत बेचाळीस हजारांचं देणं चोवीस हजारांत मिटवलं. पुढची सहा वर्षं घरी येईल त्याला ती हे ऐकवायची.

मग मला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला दोन महिने होते. शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून आत्या माझ्याबरोबर बँकेत आली. तिथल्या बाईंनी तिचा क्रेडिट रिपोर्ट काढला.

“मावशी, इथे ‘सेटल्ड’ लागलंय.”

“मग? मिटलंय ना?” आत्या ऐटीत म्हणाली. “अठरा हजार सोडायला लावले मी त्यांना.”

“तेच नडतंय. कोणी कुठून कर्ज घेतलं, कसं फेडलं, याची नोंद क्रेडिट ब्युरोत राहते. कर्ज देण्याआधी सगळ्या बँका तिथे बघतात. पूर्ण फेडलं तर ‘क्लोज्ड’ लागतं. ‘सेटल्ड’ म्हणजे कंपनीला बाकीच्या पैशांवर पाणी सोडावं लागलं. असं असताना मला फाइल पुढे पाठवता येत नाही.”

“आणि उरलेले आत्ता भरले तर?”

“भरा, पूर्ण फेडल्याचं पत्र घ्या, ब्युरोतली नोंद बदलून घ्या. मग साहेबांशी बोलते. पण शब्द देत नाही हं.”

परत येताना आत्या केळीवाल्यासमोरून भाव न विचारता पुढे गेली. असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

“माझा शहाणपणा तुझ्या अंगाशी आला गं,” घरी येऊन ती म्हणाली.

“तेव्हा घरात दाणा नव्हता, आत्या. तू तरी काय करणार होतीस?”

दुसऱ्या दिवशी तिने ओव्हरलॉक मशीन विकायला काढलं. घेणाऱ्याला अर्धा तास उभा करून पाचशे जास्तच काढले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

फायनान्स कंपनीतल्या कारकुनाने जुनी फाइल चाळली. त्यालाच दया आली असावी. “खातं फार जुनं आहे, मावशी. अर्ज द्या, दोन-तीन हजार सूट मिळेल.”

मी आत्याकडे पाहिलं. तिचे ओठ हललेसुद्धा.

“नको,” ती म्हणाली. “एक पैसाही सोडू नका. पोरीचं काम आहे.”

तिने सगळे अठरा हजार मोजून दिले. मला तिथेच रडू फुटलं.

नोंद बदलायला पाच आठवडे लागले. फीच्या मुदतीला नऊ दिवस उरले असताना बँकेतल्या बाईंनी आम्हाला बोलावून मंजुरीचा कागद पुढे केला आणि प्रोसेसिंग फीचा आकडा सांगितला.

आत्याने उघडलेली पर्स पुन्हा मिटली. “यात काही कमी करा की, बाई.”

या वेळी मी भिंतीकडे तोंड केलं नाही. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.